डंपावरचं रान: ठेवायचं, उचलायचं की 'विकसित' करायचं?

डोंगरपायथा (धागाकर्ता)

गोव्याच्या मायनिंग पट्ट्यात वाढलेल्यांना डंप म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात: एक टन लोहखनिज काढायचं तर अडीच-तीन टन माती, चिकणा आणि जांभा आधी बाजूला करावा लागतो. तो खाणीशेजारीच ओतत राहिले की काही वर्षांत एक नवा डोंगर उभा राहतो. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, कुठेही जा, क्षितिजावर सपाट माथ्याचा आणि पायऱ्या पाडलेला डोंगर दिसला तर तो देवानं केलेला नाही.

आमच्या शहराला लागूनच असा एक डंप आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गर्दी नको आहे. घरं संपतात, एक गॅरेज, एक बंद पडलेला बार, आणि त्याच्या मागून सरळ चढण सुरू. माल टाकणं थांबलं तेव्हा कंपनीनं त्यावर अकेशिया लावला, मधे मधे सुरू आणि काजू. आग लागू नये म्हणून उन्हाळ्यात पट्टे साफ करायला माणसं येत. मग सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. पुढे थोडं सुरू झालं, तोवर फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प. या गडबडीत डंपाकडे बघायला कोणाला वेळ होता? रखवालदार गेला, गेट भंगारात गेलं, आणि रान आलं.

आता तिथे जे आहे त्याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. वरच्या टप्प्यावर अकेशियाच अकेशिया. पानं म्हणून आपण जी ओळखतो ते खरं तर चपटे झालेले देठ. ते लवकर कुजत नाहीत, नुसते साठतात. पाय घातला की घोट्यापर्यंत आत जातो आणि करकर आवाज येतो. हाताने बाजूला केलं तर वरचा थर कोरडा, त्याखाली थोडा ओलावा, पांढऱ्या बुरशीचे धागे, आणि त्याखाली बोटाच्या पेरभर काळसर माती. त्याच्याही खाली ती आपली ओळखीची जांभळट-गुलाबी पूड, जशी टिप्परातून पडली तशीच.

पायथ्याला मात्र वेगळं जग. तिथे चांदाडा इतका माजलाय की वाट काढावी लागते. कुंभा आहे, सातवण आहे, एका घळीत भेरली माड आहेत. ते तिथे कोणी लावलेले नाहीत, उदमांजरांची कृपा. जुन्या वजनकाट्याच्या केबिनला पिंपळानं असं आवळलंय की भिंत पडली तरी केबिन उभीच राहील. माणसंही आहेत: सकाळी फिरणारे, संध्याकाळी बाटल्या घेऊन येणारे, काजूच्या दिवसांत बोंडू गोळा करणाऱ्या बायका, आणि कधी तरी एकटा गवा.

आता गावात दोन बातम्या फिरताहेत. एक, डंप उचलणार. दोन, इथे 'बायोडायव्हर्सिटी पार्क' होणार, म्हणजे पेव्हर ब्लॉक, कारंजं, सिमेंटचा गवा आणि सेल्फी पॉइंट. माझं मत आधीच सांगून टाकतो: दोन्ही नको. एक वाट नीट करा, बाटल्या उचला, बाकी रानाला त्याच्या मार्गानं जाऊ द्या. तुम्हाला काय वाटतं?

---

पणजीकर_घामाघूम

छान लिहिलंय. पण अकेशिया म्हणजे विदेशी झाड ना? त्याखाली काही उगवत नाही, पक्षी बसत नाहीत, असं शाळेत शिकवलं होतं. मग याला रान कसं म्हणायचं? सगळा कापून देशी झाडं लावली तर बरं नाही का?

---

फुलपान

@पणजीकर, मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे शाळेत शिकवलं त्याची थोडी जबाबदारी माझ्याही लोकांची आहे.

अकेशिया मूळचा उत्तर ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनीचा. डंपावर तो का लावला त्याला कारण आहे. डंपाची माती म्हणजे माती नव्हेच, जमिनीच्या पोटातून काढलेला माल. तीत कुजलेलं काही नाही, नत्र जवळजवळ नाही, पाऊस पडला की लगदा आणि ऊन पडलं की वीट. तिथे मत्ती किंवा किंदळ लावून बघा, दुसरा उन्हाळा बघणार नाहीत. अकेशियाच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, म्हणून तो तिथे तगतो. लवकर वाढतो, सावली करतो, पाऊस थेट मातीवर आपटू देत नाही. एवढं काम त्यानं केलंय, ते मान्य करायला हवं.

पक्षी बसत नाहीत हेही खरं नाही. त्याच्या बीला पिवळा-नारिंगी दोरा असतो, तो खायला बुलबुल येतात. त्यातच पुढची अडचण आहे, कारण तेच बुलबुल बी शेजारच्या कातळावर आणि माळावर नेऊन टाकतात. आपल्या सड्यांवर, जिथे मुळात झाडं नसावीत आणि पावसात भुईसपाट फुलांचा गालिचा असावा, तिथे आज अकेशिया उभा आहे. डंपावरचा अकेशिया मला चालतो, सड्यावरचा नाही.

आणि "सगळा कापा" ला माझा ठाम विरोध. एकदम उघडं केलं की आधी रानमोडीचं तण येईल, माणसाच्या डोक्यावरून जाईल, उन्हाळ्यात सुकेल आणि पेटेल. त्यापेक्षा पट्ट्यापट्ट्यानं विरळ करावा: जिथे खाली चांदाडा, कुंभा, सातवण यांची रोपं गुडघ्याएवढी झाली आहेत तिथे डोक्यावरचे दोन-तीन अकेशिया काढायचे, बाकी ठेवायचे. अकेशिया काही दीर्घायुषी नाही, फांद्या ठिसूळ, मुळं उथळ, वाऱ्यापावसात आपणहून आडवा होतो. आपण फक्त खालच्या पिढीची सोय बघायची.

---

दहाटनी

सगळ्यांचं वाचलं. आता माझं ऐका.

हा डंप आम्ही केलाय. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझ्यासारखे टिप्परवाले. माझे दोन टिप्पर होते, कर्जावर घेतलेले. २०१२ मध्ये ते अंगणात उभे राहिले ते राहिलेच. सरकारनं कर्जाची योजना काढली, त्यात जे मिळायचं ते मिळालं, उरलेल्यासाठी घरातलं सोनं गेलं. त्यामुळे कोणी "खाणी बंद झाल्या आणि निसर्ग परत आला" असं लिहिलं की माझं डोकं फिरतं. तुम्हाला हिरवं दिसतं, मला हप्ते दिसतात.

डंप उचलणार ही अफवा नाही, हिशोब आहे. पूर्वी ५५ टक्क्यांखालचं लोखंड म्हणजे माती, फेका डंपावर. २००९ मध्ये इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सनं ती मर्यादा ४५ टक्क्यांवर आणली. त्याच्या आधीच चीनवाले हलका माल घ्यायला लागले होते. म्हणजे आम्ही ज्याला माती समजून ओतलं, तो आज माल आहे. २०२३ मध्ये सरकारनं डंपांसाठी धोरणसुद्धा आणलं. ज्याच्या पोटात पैसा आहे तो डोंगर झाडं उगवली म्हणून कोणी सोडेल, असं तुम्हाला वाटतं?

---

डोंगरपायथा

@दहाटनी, तुमचा राग समजतो. "निसर्ग परत आला" असं मी लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. जो डोंगर खणला तो परत आलेला नाही, हा वेगळाच आहे.

पण मला एक सांगा. डंप उचलला तर त्यातून तुमच्यासारख्यांना किती काम मिळेल? आताच्या गाड्या मोठ्या, यंत्रं मोठी, माणसं कमी.

---

दहाटनी

ते खरं आहे. डिचोलीचा ब्लॉक लिलावात गेला, २०२४ मध्ये कामही सुरू झालं, पण पूर्वीसारखी रांग नाही. पूर्वी २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या वर माल जात होता. आता न्यायालयानं दोन कोटींची मर्यादा घातली आहे, तेवढाही कोणी काढत नाही. तरी काम ते काम. माझा मुलगा आता गोव्याबाहेर आहे, तो काही परत येऊन टिप्पर चालवणार नाही.

बरं, तुम्ही लोक त्या डंपावर फिरता म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती पुस्तकात नसते. डंप वरून ओतत नेतात. टिप्पर मागे घ्यायचा, कडेला बांधासारखी माती ठेवलेली असते तिथे चाक टेकवायचं, हौदा उचलायचा. जड दगड घरंगळत तळाला जातो, बारीक माती वरच राहते. म्हणून पायथ्याला दगड जास्त, पाणी मुरतं, झाडं चांगली. वरची माती बारीक, दाबलेली, पाणी वरून वाहून जातं. फुलपान बाईंना पायथ्याला जंगल आणि माथ्यावर अकेशिया का ते यातच मिळेल.

आणि कडेला जी माती आहे ती कोणी दाबलेली नाही, नुसती ओतलेली आहे. कडेला समांतर भेग दिसली की मागे या. पावसाळ्यात तिथे भोकं पडतात, वरून बशीएवढं दिसतं आणि आत माणूस जाईल एवढी पोकळी असते. पोरांना सांगा, जूनपासून सप्टेंबरपर्यंत कडेला जायचं नाही.

---

फुलपान

@दहाटनी, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर. माथा आणि पायथा यांतला फरक मी सावली-उताराच्या हिशेबानं समजावत होते.

---

दहाटनी

वाचा. नाव नको.

---

वायंगणकर

इतका वेळ सगळे डंपाच्या वरचं बोलताहेत. मी खालचा माणूस. आमची शेतं त्या डंपाच्या पायथ्याला आहेत. होती म्हणा.

ओहोळाचं पाणी अडवून वायंगण (पावसाळ्यानंतरचं भात) करायचो. पावसाळी भात वेगळं. पहिल्यांदा माती आली ती मी शाळेत असताना. एका रात्रीच्या पावसात बांध फुटला आणि सकाळी शेत गुलाबी. ती माती सुकली की अशी घट्ट होते की नांगराचा फाळ वर उड्या मारतो. दोन-तीन वर्षं कुदळीनं काढली, मग वडलांनी नाद सोडला. नुकसानभरपाई मिळाली, तिचे आकडे लिहायला लाज वाटते.

माझा प्रश्न साधा आहे. हे रान माझी माती अडवतं की नाही? अडवत असेल तर राहू दे, दहा पिढ्या राहू दे. अडवत नसेल तर त्यात पक्षी किती येतात याच्याशी मला देणंघेणं नाही.

---

फुलपान

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तर अर्धं होय, अर्धं नाही असं आहे.

झाडांमुळे नव्हे, झाडाखालच्या थरामुळे माती अडते. अकेशियाचा पाचोळा जागेवर असेल, खाली गवत-झुडूप असेल, तर पाणी हळू उतरतं. पण लोक तो पाचोळा झाडून नेतात, कोणी जाळायला, कोणी कुळागरात (पोफळीच्या बागेत) घालायला. तो गेला की उंच फांद्यांवरून पडणारे मोठे थेंब थेट उघड्या मातीवर आदळतात आणि माती उलट जास्त सुटते. दुरून डंप हिरवागार, आणि खाली ओहोळ गुलाबी, हे त्यामुळे होतं.

चांदाडा आणि खालची झुडपं आली आहेत तो पायथ्याचा भाग खरं काम करतो. म्हणून 'पार्क'ची कल्पना मला भीतीदायक वाटते. पार्क करणारे पहिल्यांदा काय करतील? खालचं 'झाडोरं' साफ करतील.

---

वायंगणकर

पाचोळ्याचं पटलं. आमच्याच गावातली माणसं पोती भरून नेतात, मीही कधी त्यांना अडवलं नाही.

शिवाय पायथ्याची जांभ्याची भिंत आणि तिच्या मागचं गटार बघा. खाण चालू होती तेव्हा पावसाळ्याआधी ते साफ व्हायचं. आता बघायला कोण? गटार भरलं आहे, पाणी भिंतीवरून उडी मारून सरळ माझ्याकडे येतं. रानप्रेमी मंडळींनी कधी त्या गटाराचा फोटो काढलाय का?

---

स्प्रेकाठी

मूळचा म्हापशाचा, सध्या बर्लिनात. धागा वाचून राहवलं नाही.

इथे शहराच्या दक्षिणेला झ्युडगेलेंड नावाची जागा आहे. मोठं रेल्वे यार्ड होतं, १९५२ मध्ये बंद पडलं. फाळणी झालेल्या शहरात त्या जमिनीचं काय करायचं हे कोणालाच ठरवता येईना, म्हणून ती तशीच पडून राहिली. रुळांमधून बर्च आणि रॉबिनिया उगवले. रॉबिनियाही इथला नव्हे, उत्तर अमेरिकेचा, आणि तोही मुळांवर नत्र बांधणारा. म्हणजे त्यांचा अकेशियाच! पुढे तिथे पुन्हा मालगाड्यांचं यार्ड करायचा बेत झाला तेव्हा आसपासच्या लोकांनी विरोध केला. शेवटी २००० मध्ये सुमारे १८ हेक्टरचं निसर्ग-उद्यान म्हणून ते खुलं झालं. पाण्याची जुनी टाकी, इंजिन फिरवायची चक्री, रूळ, सगळं जागेवर. नाजूक भागात जमिनीपासून थोडी उंच लोखंडी वाट आहे, माणसांनी तिच्यावरूनच चालायचं.

इथले इंगो कोवारिक नावाचे परिस्थितिकी शास्त्रज्ञ निसर्गाचे चार प्रकार सांगतात: मूळचं अरण्य, शेतीभातीचा निसर्ग, बागांचा निसर्ग, आणि चौथा, कारखान्या-रेल्वेच्या पडीक जमिनीवर आपसूक उगवलेला. त्यांचं म्हणणं असं की चौथ्याला पहिल्याची नक्कल म्हणून हिणवू नका, त्याचं तो स्वतंत्र मोजा.

पण @डोंगरपायथा, एक गोष्ट तुमच्या विरुद्ध जाते. इथे "रानाला त्याच्या मार्गानं जाऊ द्या" असं पूर्ण केलेलं नाही. १९८१ ते १९९१ या दहा वर्षांत झाडाखालचं क्षेत्र जवळजवळ दुप्पट झालं, आणि मोकळ्या गवताळ जागेतली दुर्मीळ फुलं-कीटक नाहीसे होण्याची भीती निर्माण झाली. म्हणून काही भागात झाडं येऊच देत नाहीत, कापतात, गवत राखतात. काही भाग पूर्ण सोडलेला. कुठे काय करायचं ते आधी ठरवलेलं आहे.

---

पणजीकर_घामाघूम

बर्लिन कुठे आणि आपलं शहर कुठे. तिथे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडत नाही आणि रुळाखालची जमीन सपाट आहे, कोसळत नाही.

---

स्प्रेकाठी

मान्य. मी तुलना झाडांची करतोय, उताराची नाही. उताराबद्दल दहाटनी बोलले तेच शेवटचं.

---

कलमबहाद्दर

कायद्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, कारण सगळी भांडणं शेवटी तिथेच जातात.

सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशानंतर जमीन कोणाच्या मालकीची आहे यावर जंगल ठरत नाही. गोव्यात खासगी जमिनीवरच्या जंगलासाठी तीन निकष आहेत: सलग किमान ५ हेक्टर, छत्राची घनता किमान ०.४, आणि ७५ टक्के झाडं वनप्रजातींची. हे निकष ढिले करून ०.१ घनतेवर आणावेत अशी मागणी होती, ती सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये फेटाळली, जुनेच निकष राहिले.

आता तुमचा डंप घ्या. क्षेत्र पुरेल. घनताही पुरेल, अकेशिया दाट असतो. घोडं अडेल तिसऱ्या निकषावर. कंपनीनं लावलेला अकेशिया वनप्रजातीत मोजायचा का, यावर दोन्ही बाजूंचे वकील आनंदानं भांडतील. गंमत बघा: फुलपान ताई म्हणतात तसा अकेशिया हळूहळू कमी होऊन चांदाडा-कुंभा-सातवण वाढले, तर कायद्याच्या दृष्टीनं ते जास्त 'जंगल' होईल. आणि नेमकं हेच ज्याला डंप उचलायचा आहे त्याला नको असणार.

दुसरं, १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहेच. झाड स्वतःच्या जमिनीत असलं तरी कापायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणजे पट्ट्यानं विरळ करणं हे चांगल्या हेतूनं केलं तरी कोयता घेऊन सुटायचं नाही.

तिसरं, लीजच्या हद्दीबाहेर डंप टाकणं बेकायदा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २१ एप्रिल २०१४ च्या निकालात आहे. तेव्हा पहिलं काम: तुमचा डंप लीजच्या आत आहे की बाहेर, आणि खालची जमीन कोणाची, ते तलाठ्याकडून काढा. एक-चौदाचा उतारा (आपला गोव्याचा सातबारा) घ्या. रान कोणाचं हे ठाऊक नसताना रानाचं भवितव्य ठरवणं म्हणजे बारशाआधी लग्नाची बोलणी.

---

रोयण

मोठमोठी माणसं बोलली, आता एका खाणाऱ्याचं मत.

जंगल आहे की नाही हे ओळखायची माझी रीत सोपी. रोयण आहे का? वारुळाला आम्ही रोयण म्हणतो, हे गोव्याबाहेरच्यांसाठी. श्रावणाच्या आसपास रोयणीवर जी अळमी (रानातली अळंबी) उगवतात ती काही आपणहून येत नाहीत. आत वाळवी पाचोळा-लाकूड चघळून त्यावर बुरशी पिकवते, तिचीच ती छत्री. वाळवीला कुजकं लाकूड हवं, दमट माती हवी, बरीच वर्षं कोणी न उकरलेली जागा हवी. नुसता अकेशिया लावून पाटी ठोकलेल्या जागी अळमी मिळत नाहीत, मी शोधली आहेत.

दुसरी रीत माटोळीची. चतुर्थीला माटोळी (गणपतीवर टांगायची रानफळा-फुलांची आरास) बांधायला रानातून काय काय मिळतं ते बघायचं. डंपाच्या उघड्या भागात घागऱ्यो भरपूर, पायथ्याच्या झुडपांत कवंडळ मिळालं. कांगलां मात्र नाहीत. त्यासाठी अजून मूळच्या डोंगरावरच जावं लागतं. म्हणजे माझ्या हिशेबानं रान अर्धं पास.

---

डोंगरपायथा

@रोयण, तुम्ही हुशारीनं टाळलंत. डंपावर रोयण आहे की नाही?

---

रोयण

आहे. पायथ्याच्या बाजूला. याहून जास्त सांगणार नाही, आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

---

कातळफूल

इथे जरा वेगळा सूर लावते. मला हे सगळं कौतुक थोडं अडचणीचं वाटतं.

माझं माहेर खाणीशेजारचं. त्या खंदकाच्या जागी जो डोंगर होता त्यावर देवाची राय (देवराई) होती, झर होती. बांबरला निरंकाराची राय ज्यांनी बघितली आहे त्यांना कळेल मी कशाबद्दल बोलते: पाण्यात उभी रानजायफळाची झाडं, त्यांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर आलेली. आमची राय तेवढी मोठी नव्हती, पण तिथे कोयता लावायची कोणाची हिंमत नव्हती. ती खणली गेली. आज तिच्या शेजारच्या मातीच्या ढिगावर चांदाडा उगवला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. उद्या कोणी तरी म्हणेल, "बघा, खाणीनंतरही रान येतं, मग खणायला काय हरकत?" साखळीला जुन्या खाणीवर झाडं, बांबू, फुटबॉलचं मैदान झालं तेव्हापासून तेच उदाहरण दर वेळी तोंडावर मारलं जातं.

चांदाडा ही जखमेवर पहिली येणारी खपली. तिला राय म्हणू नका.

---

फुलपान

@कातळफूल, शब्दाशब्दाशी सहमत. चांदाडा पाच-सात वर्षांत येतो. रानजायफळाच्या दलदलीला लागणारं बारमाही पाणी डंपावर कधीच येणार नाही, शंभर वर्षांनीही नाही. त्यामुळे एकाचं उदाहरण देऊन दुसरं खणायची परवानगी मागणं हा सरळ सरळ लबाडपणा आहे.

पण त्यासाठी डंपावरच्या रानानं काय पाप केलंय? राय गेली ती गेली, आता जे आहे तेही सपाट करायचं का?

---

कातळफूल

नाही, सपाट करू नका. फक्त पाटीवर 'पुनर्वसित जंगल' असं लिहू देऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

---

दहाटनी

कातळफूल ताईंचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

खंदकांचं पण कोणी तरी लिहा. आता ते पाण्यानं भरलेत. उन्हाळ्यात टंचाई झाली की तेच पाणी पंपानं उपसून नदीत सोडतात आणि आपल्या नळाला येतं. डंप हलवायला घेतला तर तो गाळ पहिल्या पावसात कुठे जाणार? शेतात किंवा खंदकात. हे मी टिप्परवाला म्हणून सांगतोय, पर्यावरणवाला म्हणून नाही. उचलायचा तर पावसाआधी उचलून, खालची जागा पक्की करून. तसं कोणी करत नाही हे मी चाकामागे बसून बघितलंय.

मला काम हवं आहे. पण हा डंप उघडावा असं मला वाटत नाही. दोन्ही एकत्र कसं, ते विचारू नका.

---

संपादक

धागा चांगला चाललाय म्हणून एकच विनंती: जागेचा नकाशा, लोकेशन किंवा गव्याच्या ताज्या फोटोंसोबत ठिकाण टाकू नका. दोन प्रतिसाद त्या कारणानं काढले आहेत. सिमेंटच्या गव्याचे फोटो कितीही टाका.

---

डोंगरपायथा

सगळ्यांचे आभार. मी तलाठ्याकडे जाऊन आलो. डंपाचा मोठा भाग लीजच्या आत दिसतो, पायथ्याचा एक पट्टा बाहेर आहे आणि तो कोमुनिदादीचा (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक जमीनसंस्थेचा) आहे. म्हणजे चांदाडा, सातवण, भेरली माड आणि रोयण भाऊंची लपवलेली जागा, बहुधा हे सगळं कोमुनिदादीच्या जमिनीवर. कलमबहाद्दर, यावर सविस्तर लिहाल का?

माझ्या मूळ मतात एक दुरुस्ती करतो. "रानाला सोडून द्या" एवढ्यानं भागणार नाही. पाचोळा न्यायचा नाही हे गावात सांगावं लागेल, गटार दर वर्षी काढावं लागेल, आणि अकेशिया कुठे विरळ करायचा ते फुलपान ताईंनी येऊन खूण करावी लागेल. तेवढं केलं तर बाकीचं सोडून देता येईल.

---

कलमबहाद्दर

कोमुनिदादीचा पट्टा असेल तर चित्र बदललं. लीजबाहेर टाकलेली माती, तीही कोमुनिदादीच्या जमिनीवर. संध्याकाळी वेगळा धागा काढतो, इथे लांबेल. तोवर उताऱ्याची प्रमाणित प्रत काढून ठेवा, साधी झेरॉक्स चालणार नाही.

---

वायंगणकर

कागद होत राहतील. पाऊस कागदासाठी थांबत नाही. मे संपत आलाय, गटार अजून तसंच आहे. ज्यांना रान आवडतं त्यांनी येत्या रविवारी सकाळी सहाला माझ्या शेताच्या बांधावर यावं. फावडी आणि घमेली घेऊन यावं, कॅमेरा नको. चहा-पाव माझ्याकडे.

---

दहाटनी

येतो. भिंतीचा कोपरा जिथे फुगलाय तिथे कोणी आधी हात लावू नका, मी आल्यावर बघू. गाळ टाकायला शेजाऱ्याचा पिकअप मिळतो का विचारतो.

---

रोयण

येतो. पण गाळ कुठे टाकायचा ते मी दाखवीन. घळीच्या डाव्या अंगाला अजिबात टाकायचा नाही.

---

फुलपान

@रोयण, आता सगळ्यांना कळलं.